आधीं ओळखा, मग भ्या
(सेवाग्राम येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



"साप!" अशी आरोळी उठली कीं आपण काठी शोधतों. कोणता साप, हें कोणी विचारीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या कुंपणांत धामण निघाली. पोरांनीं तिला ठेचलें. काठी प्रथम मीच मागितली होती, हें आज आपणांपुढें कबूल करतों. मास्तरच भ्याला तर पोरांनीं काय शिकावें?

महाराष्ट्रांत माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ हे सारे बिनविषारी. धामण गाईचें दूध पिते म्हणतात, तें खोटें. ती खाते उंदीर. आणि उंदीर खातो आपल्या कोठींतलें धान्य. बिनपगारी राखणदारच आपण मारतों! कवड्या बिचारा मण्यारीसारखा दिसतो म्हणून मरतो. नागपंचमीस वारुळाला दूध आणि दुसऱ्या दिवशीं धामणीला काठी, हा कुठला धर्म?

१९३६ सालीं गांधीजी येथें राहावयास आले, तेव्हां या गांवाचें नांव शेगांव होतें. आश्रमांत निघालेला साप लांकडी चिमट्यानें धरून पिंजऱ्यांत घालीत व दूर नेऊन सोडीत. तो चिमटा व पिंजरा आजही आश्रमांत पाहावयास मिळतात.

परंतु ओळख नसलेल्या सापास हात लावूं नका. दूर उभे राहा, नजर ठेवा, सर्पमित्रास बोलवा. रात्रीं उजेडावांचून चालूं नका, जमिनीवर निजूं नका. मण्यार रात्रींच अंथरुणांत शिरते.

साप चावलाच तर थेट दवाखाना गांठा. बिनविषारी साप चावलेला माणूस आपोआप वांचतो आणि श्रेय मांत्रिक घेतो. त्याच भरंवशावर घोणस चावलेल्यालाही लोक मांत्रिकाच्या दारीं नेतात, आणि घरचा कर्ता माणूस जातो. सर्पदंशावरचा उपचार अडवून मंत्रतंत्र करणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि १९७२ च्या कायद्यानें सापांनाही संरक्षण आहे.

बंधूंनो, आपलें भय हेंच मांत्रिकाचें भांडवल. जोतीरावांनीं आपल्या हातीं विद्या दिली ती असलीं भांडवलें बुडवावयास. येत्या पावसाळ्यांत साप निघाला कीं पोरांना काठी देऊं नका; आधीं त्याचें नांव विचारा.