डेटा कोण खातं?
(गटाच्या मासिक बैठकीतील भाषण)


घरच्या संगणकाला फोनचं हॉटस्पॉट जोडलं, की दिवसभराचा डेटा दुपारीच संपतो. मग ‘तू काय बघत बसली होतीस?’ हा सवाल बाईलाच. म्हणून हिशेब आपल्या हाती हवा.

विंडोज आपल्या सुधारणा मागच्या मागे उतरवून घेत असते. 2015 साली तर विंडोज 10च्या कित्येक गीगाबाइटच्या फाइली अनेकांच्या संगणकांवर न मागता उतरल्या होत्या.

विंडोज 11मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’, त्यात ‘डेटा युसेज’. कुठल्या प्रोग्रॅमने किती डेटा खाल्ला, ते तिथे दिसतं. हा आपला पुरावा.

आता उपाय. जोडलेल्या वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक सुधारणा आपोआप उतरणं थांबतं. ‘विंडोज अपडेट’च्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बंद करा. तिथे इंटरनेटवरच्या संगणकांचा पर्याय चालू असेल, तर आपल्याच डेटातून परक्या संगणकांना फाइली पुरवल्या जातात.

मात्र सुरक्षेच्या सुधारणा कायमच्या टाळू नका. त्या मुख्यतः महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतर जादा डेटा हाताशी असेल तेव्हा स्वतः उतरवून घ्या.

विजेचं मीटर आपण वाचतोच ना? मग हेही ‘तांत्रिक’ म्हणून दुसऱ्यावर सोपवायचं कारण नाही. घरी जाऊन करून पाहा आणि शेजारणीलाही दाखवा.