आधी हात दिसू द्या



पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची, हे आपल्यातल्या कुणालाही विचारा. भाकरी थापता थापता सांगेल. गोणपाट भिजवायचं, त्यावर 10-10च्या ओळीत 100 दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची. सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. 7-8 दिवसांनी उघडून मोजायचं. 70 किंवा जास्त चांगले कोंब निघाले तर नेहमीच्या मापाने पेरायचं, थोडे कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले तर ते पेरायचंच नाही.

आता तिलाच म्हणा, "हे मोबाईलसमोर बोल, यूट्यूबवर टाकू." लगेच पदर तोंडाशी! "मला मेलीला काय येतंय? शिकलेली माणसं बघतात ते."

गटांच्या बैठकांत हे मी सारखं ऐकते. येत नाही असं नसतंच. बोलणं गावठी वाटेल, भावकी हसेल, ही खरी धास्ती. पारावरची मंडळी दिवसभर ऐकीव माहिती पुढे ढकलत असतात, त्यांना कुणी विचारत नाही कितवी शिकलात म्हणून.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुम्ही पाहिल्या असतील. शाळेत गेलेल्या नाहीत. 2020 साली नातवाने त्यांचा स्वयंपाक मोबाईलवर दाखवायला सुरुवात केली, चॅनलचं नाव 'आपली आजी'. त्या घरच्यासारखंच बोलतात आणि लाखो लोक ऐकतात. त्याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनाही शाळा मिळाली नाही. गावरान बियाण्यांच्या कामासाठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तीही 2020मध्येच.

एक शंका मात्र मला रास्त वाटते. मसाला, लोणचं विकणाऱ्या बाया विचारतात, "सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक कशाला येईल?" तुमच्या मसाल्याचं माप तुमच्यापाशीच ठेवा, ती तुमची रोजीरोटी आहे. मिरची कशी निवडायची, किती वाळवायची, बुरशी का धरते, एवढं दाखवलं तरी पुष्कळ. उलट गिऱ्हाइकाला तुमचा हात कळतो.

सुरुवातीला चेहरा दाखवू नका हवं तर. नुसते हात आणि आवाज. एका वेळी एकच गोष्ट, दोन मिनिटांत. पोरंबाळं, घराचा पत्ता, पासबुक मागे दिसत नाही ना, बघून घ्या. जे स्वतः केलंय तेवढंच सांगा. शेळीच्या औषधाचं प्रमाण आलं की "डॉक्टरांना विचारा" म्हणायचं, तिथे अंदाज नको. आणि सासूबाईंकडून शिकला असाल तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचं नाव घ्या. बघा कशा खुलतात!

उगवणीचा व्हिडिओ करणार असाल तर मे महिन्यातच करा. पेरण्या उरकल्यावर तो बघून कुणाला काय फायदा?