डोक्याचा मुका मार

आपल्या बोलीत एक नेमका शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणका लागला आहे, अशा माराला आपण मुका म्हणतो. पाठीला किंवा मांडीला असा मार लागला, तर घरची माणसे तो शेकतात, चार दिवस जड काम सांगत नाहीत. तोच मार डोक्याला लागला, की मात्र आपण म्हणतो, "कुठे काय लागलंय? दिसत तर नाही!" आज मी आपल्याशी बोलणार आहे ते ह्या न दिसणाऱ्या माराविषयी. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण माझ्या हातून एक चूक झाली. ती आपल्याकडून, विशेषतः माझ्या शिक्षक बंधुभगिनींकडून, होऊ नये म्हणून हे चार शब्द.

माझ्या वर्गात उमरोळीचा एक मुलगा होता. पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधले हे लहानसे स्थानक. पहिल्या पावसात रस्ता कसा निसरडा होतो, हे आपणास सांगायला नको. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून बोईसरहून येताना गाडी घसरली आणि मुलाचे डोके आपटले. शिरस्त्राण नव्हते. क्षणभर त्याला काही सुचेना. मग उठला, कपडे झटकले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी उलटी झाली म्हणून वडिलांनी दवाखान्यात नेले. डोक्याचा स्कॅन काढला. "नॉर्मल आहे," असे उत्तर मिळाले आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.

पण मुलगा पहिल्यासारखा राहिला नाही. भातलावणीला वाकला की भोवळ येई. उजेड सोसत नसे. वर्गात कपाळ धरून बसे. एकदा मी त्याला उतारा वाचायला उभे केले. दोन ओळी वाचून तो थांबला. "काय रे, रात्रभर मोबाईल बघत बसतोस वाटतं?" मी म्हणालो. वर्ग हसला. तो मान खाली घालून म्हणाला, "नाही सर, अक्षरं हलतात." माझा त्यावर विश्वास बसला नाही.

पुढे तो येईनासा झाला. चौकशीला घरी गेलो, तर दार-खिडक्या लावून अंधारात पडलेला. आई म्हणे, नजर लागली. चुलते म्हणत, कामाचा कंटाळा. भगत झाला, दोन दवाखाने झाले. डोके दुखले की दुकानातली गोळी, ती तर रोजचीच. मुलगा मला हळूच म्हणाला, "सर, माझं डोकं कायमचं गेलं का?" श्रोतेहो, त्या वेळी वर्गातले ते हसू मला आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

मग स्कॅन नॉर्मल कसा? पाण्याची कळशी डोक्यावरून नेताना एकाएकी थांबलो, तर कळशी थांबते, पण आतले पाणी हिंदकळते. कवटीच्या आत मेंदू तसाच हिंदकळतो. त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात, पेशींच्या कामाचा ताळमेळ काही काळ बिघडतो. नेहमीच्या स्कॅनला रक्तस्राव दिसतो, हाडाची मोड दिसते. हा बिघाड दिसत नाही. म्हणून 'नॉर्मल' याचा अर्थ 'शस्त्रक्रियेची निकड दिसत नाही' एवढाच. 'काही झालेच नाही' असा नव्हे.

क्रिकेटची दोन उदाहरणे घ्या. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तो मार बोलका होता, साऱ्या जगाला दिसला. आता दुसरे. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या शिरस्त्राणावर चेंडू लागला. तो डाव संपेपर्यंत खेळत राहिला. चक्कर जाणवली ती नंतर, तंबूत परतल्यावर. त्याच्या जागी चहल उतरला, कारण अशा माराला बदली खेळाडू देण्याचा नियम २०१९ साली झाला होता. मुक्या माराला सामनाधिकाऱ्यांनी मान्यता दिली. आपण घरात आणि शाळेत ती कधी देणार?

आता उपायांकडे वळू. पहिली गोष्ट, धोक्याच्या खुणा. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागे करूनही नीट जाग न येणे, झटके, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे : यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

अशा खुणा नसतील तर एक-दोन दिवस विसावा पुरे. पूर्वी महिना महिना अंधारात पडून राहा म्हणत. आता तो सल्ला मागे पडला आहे. २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हेच सांगितले, की पहिल्या दोन दिवसांत मोबाईल कमी करावा, घरातली हलकी कामे आणि थोडे चालणे सुरू ठेवावे, आणि सोसेल तसतसे ते वाढवावे. त्रास थोडा वाढला तर पाऊल मागे घ्यावे. पण खाट धरू नये. मात्र पूर्ण बरे होण्याआधी दुसरा मार बसू देऊ नये. म्हणून डॉक्टरांच्या परवानगीवाचून कबड्डी नाही, झाडावर चढणे नाही. ताडी-दारूही नको.

बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात. महिना उलटूनही त्रास राहिला, तर 'होईल बरं' म्हणून बसू नका, आणि एकच जादूची गोळीही शोधू नका. तशी गोळी नाही. लागतो तो त्रासाचा निवाडा. चक्कर कशाने येते? कूस बदलताना गरगरत असेल, तर कानातले सूक्ष्म खडे जागचे हललेले असू शकतात. डोके ठराविक रीतीने वळवून जाणकार ते जागी बसवतात. मान आखडली असेल तर डोके तिच्यामुळेही दुखते; तिला व्यायाम आहे. अक्षरे हलत असतील तर नजरेच्या हालचाली तपासून घ्याव्यात. झोप उडाली, मन खचले, तर त्यालाही उपचार आहे. त्यात कमीपणा नाही. आणि साधी वेदनाशामक गोळीदेखील महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतली, तर ती गोळीच डोके दुखवू लागते.

आमच्या मुलाचे असेच निघाले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला अर्धा तास नीट विचारले. कान, मान आणि गोळ्या, अशी तीन कारणे हाती लागली. गरगरणे दोन खेपांत थांबले. डोकेदुखीला मात्र चार-पाच महिने लागले. रोज बांधावरून चालणे आणि मानेचे व्यायाम चालू होते. त्या वर्षी दोन विषय राहिले, पुढच्या खेपेला सुटले.

उमरोळीकरांना एक सोय आहे. चर्चगेटकडे जाणाऱ्या आपल्याच लोहमार्गावर मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालय आहे, प्रभादेवीला उतरले की परळचे के. ई. एम. आहे. जाताना एक वही न्या. मार कधी लागला, काय केल्याने त्रास वाढतो, कोणत्या गोळ्या किती घेतल्या, सारे तीत लिहा. डॉक्टरांपुढे घाबरून आपण निम्मे विसरतो. वही विसरत नाही.

शिक्षकांना शेवटची विनंती. असा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्याला खिडकीच्या उजेडापासून दूर बसवा, सुरुवातीला अर्धाच दिवस येऊ द्या, वाचन थोडे द्या, मधे विसावा द्या, चाचणीला जास्त वेळ द्या. आणि "अक्षरं हलतात" असे तो म्हणाला, तर त्याचे खरे माना. मार मुका आहे. त्याच्या वतीने बोलायला तो मुलगाच असतो. त्यालाही आपण गप्प केले, तर मग बोलायचे कोणी?