लिंकन घराण्याचा शोध

सन १८५९ च्या डिसेंबरांत जेसी फेल नांवाच्या स्नेह्यानें अब्राहम लिंकन यांच्याकडून त्यांचा अल्पसा जीवनवृत्तान्त लिहून घेतला. सव्वा वर्षानें जे अमेरिकेच्या अध्यक्षपदावर आरूढ व्हावयाचे होते, त्यांना आपल्या घराण्याविषयीं काय लिहितां आलें? आजोबांचें नांवही अब्राहमच. ते १७८१ किंवा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनिया सोडून केंटकींत गेले आणि एकदोन वर्षांतच तेथील मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. त्यांचे वडीलधारे पेनसिल्व्हेनियांतील बर्क्स परगण्यांतून आलेले क्वेकर पंथाचे लोक. न्यू इंग्लंडमधील याच आडनांवाच्या घराण्याशीं नातें जुळविण्याचा प्रयत्न झाला होता. पण नांवांच्या सारखेपणापलीकडे हातीं कांहीं लागलें नव्हतें. बस्स, एवढेंच!

श्रोतेहो, यांत नवल नाहीं. सरहद्दीवरचा वसाहतवाला म्हणजे आज येथें ओंडक्यांची खोपटी बांधणारा, तर चार वर्षांनीं तीच मोडून पुढच्या रानांत जाणारा मनुष्य. अक्षरओळख बेताची. लिंकन यांच्या वडिलांना, थॉमस यांना, स्वतःची सही कशीबशी करतां येई. असा मनुष्य रोजनिशी ठेवीत नाहीं. परंतु सरकार कांहीं त्याला सोडीत नाहीं. त्यानें जमीन घेतली, सारा भरला, लग्न केलें किंवा तो मरण पावला कीं कोठल्या तरी कचेरींत शाई कागदाला लागते. वंशाचा शोध घेणाऱ्यानें हीच शाई हुडकावयाची असते.

आजोबा अब्राहम यांचेंच उदाहरण घ्या. ४ मार्च १७८० रोजीं त्यांनीं केंटकींतील जमिनीचे हक्कपत्र विकत घेतले आणि ७ मे १७८५ रोजीं लाँग रन नांवाच्या ओढ्याकांठीं चारशें एकर जमीन मोजण्यांत आली. ही मोजणी दफ्तरांत नमूद आहे. परंतु लिंकन हें नांव शोधीत कोणी पानें चाळील तर तो निराश होईल. तेथें नांव पडलें आहे ‘लिंकहॉर्न’! लिहिणाऱ्यानें कानावर पडलें तसें टिपलें. दुसरी अडचण सीमेची. केंटकी हें स्वतंत्र राज्य झालें १ जून १७९२ रोजीं. तोंपर्यंत तो व्हर्जिनियाचा भाग होता, आणि जमिनीचीं हक्कपत्रें व्हर्जिनियाच्या खजिन्यांतून निघत. खुद्द लिंकन १८०९ सालीं जन्मले तें स्थळ त्या वेळीं हार्डिन परगण्यांत होतें. १८४३ पासून तें लारू परगण्यांत मोडतें. जमीन हलत नाहीं, पण परगणा बदलतो आणि त्याबरोबर कागद ठेवणारी कचेरीही बदलते.

आजोबांचा मृत्यु नातवानें लिहिला त्याहून कांहीं वर्षें उशिरां, म्हणजे १७८६ मध्यें झाला. ज्यांची शिकारभूमि ही वसाहत गिळीत चालली होती, त्यांपैकीं एकाच्या गोळीनें ते शेतांतच पडले. तेव्हां थॉमस आठ वर्षांचे होते. त्या वेळच्या कायद्यानें बापाची जमीन थोरल्या मुलाकडे, मॉर्डेकायकडे गेली. धाकट्या थॉमसच्या वांट्याला मजुरी आली. पुढें चरित्रकारांनीं या थॉमसला आळशी व नादान ठरविलें. पण सरकारी दफ्तर निराळें सांगतें. १८०३ मध्यें त्यांनीं २३८ एकरांचें शेत एकशें अठरा पौंडांस घेतलें होतें. सारापट्टींत त्यांचें नांव आहे, पंचांच्या यादींतही आहे. केंटकींत जमिनी मोजल्या गेल्या त्याच मुळीं अशा कीं एकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीवर चढावी. अशा हक्काच्या तंट्यांना कंटाळून १८१६ मध्यें ते इंडियानांत गेले. गुलामगिरीविषयींची अप्रीतिही कांहीं अंशीं त्याला कारण होती, असें मुलानेंच पुढें लिहून ठेवलें.

आतां मुख्य गोष्ट. लिंकन यांच्या मृत्यूनंतर त्यांचें बालपण शोधावयास निघालेल्यांना त्यांच्या आईबापांच्या विवाहाची नोंद कोठेंच मिळेना. हार्डिन परगण्यांत हें जोडपें राहिलें, मुलें तेथेंच झालीं, म्हणून शोध तेथें झाला. दफ्तर मुकें! १८७२ मध्यें वॉर्ड लॅमन यांच्या नांवें निघालेल्या चरित्रांत विवाह झाला कीं नाहीं याविषयींच शंका घेण्यांत आली. ज्या मातेवर हा आळ आला ती नॅन्सी हँक्स १८१८ सालींच, मुलगा नऊ वर्षांचा असतां, इंडियानाच्या रानांत विषारी दुधाच्या रोगानें वारली होती. तिची बाजू मांडणार कोण?

ती मांडली एका जुन्या बासनानें. लग्न लागतें वधूच्या गांवीं, आणि जामीनकतबा लिहिला जातो तेथल्याच कचेरींत, ही साधी गोष्ट शोधकांच्या ध्यानांत आली नव्हती. नॅन्सी लग्नाआधीं वॉशिंग्टन परगण्यांत बेरी कुटुंबाकडे राहत असे. १८७८ मध्यें त्या परगण्याचे दफ्तरदार बुकर यांना तेथील कागदांत १० जून १८०६ चा पन्नास पौंडांचा जामीनकतबा सांपडला. त्यावर थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्या होत्या. जेसी हेड या मेथॉडिस्ट पाद्र्यानें आपण लावलेल्या लग्नांची यादी सादर केली होती. तींत हें लग्न १२ जूनला लागल्याचें नमूद होतें. थोरली मुलगी सारा हिचा जन्म १० फेब्रुवारी १८०७ चा. सारा हिशोब चोख बसला. बहात्तर वर्षें कागद आपल्या जागीं स्वस्थ होता. चुकलें होतें तें शोधणाऱ्यांचें पाऊल. लिंकन यांना मात्र तो पाहावयास मिळाला नाहीं. त्यांना जाऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं.

मूळ पुरुषाचा दुवाही असाच जुळला. पेनसिल्व्हेनियांत १७३६ मध्यें वारलेल्या मॉर्डेकाय लिंकन यांनीं मृत्युपत्रानें न्यू जर्सींतील जमीन जॉन या मुलाला दिली. हे जॉन पुढें व्हर्जिनियांत जाऊन राहिले, आणि केंटकींत मारले गेलेले अब्राहम हे त्यांचे पुत्र. मॉर्डेकायपासून मागें जातां जातां माग इंग्लंडच्या नॉरफोकमधून १६३७ सालीं मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत पोंचला. अध्यक्ष लिंकन हे त्याच्यापासून सातवी पिढी. जें नातें लिंकन यांच्या हयातींत केवळ नांवांच्या सारखेपणावर लोंबकळत होतें, तें खरें निघालें.

परंतु शोध नेहमीं मनासारखेंच उत्तर देईल असें नव्हे. आपली आई ल्यूसी हँक्स हिची विवाहाबाहेरील कन्या होती, असें लिंकन यांनीं आपले वकिलींतील भागीदार हर्न्डन यांच्याजवळ बोलून दाखविलें होतें. अनेकांना तें रुचलें नाहीं; नॅन्सीला निराळे आईबाप देण्याचे प्रयत्न झाले. २०१५ मध्यें, आईकडूनच मुलांना मिळणाऱ्या रक्तांतील आनुवंशिक खुणांची हँक्स कुळांतील स्त्रियांच्या वंशजांत तपासणी झाली, आणि नॅन्सी ही ल्यूसीचीच मुलगी हें पक्कें झालें.

एका शोधानें आईचा कलंक पुसला, दुसऱ्यानें आजीची झांकली जाणारी गोष्ट खरी ठरविली. पहिला निकाल ज्यानें आनंदानें स्वीकारला, त्यानें दुसराही तितक्याच शांतपणें स्वीकारावयास हवा. आणि कागद मिळत नाहीं एवढ्यावरून एखाद्या मृत स्त्रीच्या शीलाविषयीं लेखणी चालविण्यापूर्वीं, शेजारच्या परगण्याची कचेरी तरी एकवार पाहून यावी.