विहिरीतला श्वास आणि पहाडावरचा श्वास

धर्मापुरीत केदारेश्वराच्या शिल्पांवर न बोलता आम्ही प्राणवायूवर बोलायला उभे राहिलो, याचे कुणाला नवल वाटेल. पण उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की विहिरींचा गाळ काढतात. आत उतरलेला गडी कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला भाऊही वर येत नाही. अशी वार्ता आपल्या मुलखाला नवी नाही. शरीरापाशी यावर काहीच उपाय नाही काय?

आहे, पण तो सावकाशीचा आहे. रक्तातला प्राणवायू घटला की मूत्रपिंडे ‘एरिथ्रोपोएटिन’ नावाचे संप्रेरक सोडतात, आणि ते हाडांतील मज्जेकडून तांबड्या पेशी वाढवून घेते. १९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो व डफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशाचा रक्तरस दुसऱ्या सशाला टोचून याचा माग काढला. शुद्ध संप्रेरक हाती यायला मात्र १९७७ साल उजाडले. आणि ही उणीव पेशीला कळते कशी, हे उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन सतत घडत असते; प्राणवायू पुरेसा असला की ते लगेच मोडले जाते, उणीव पडली की टिकते आणि संप्रेरकाचे काम सुरू करते. घडवायचे अन् मोडायचे, हा उधळेपणा वाटतो खरा. पण संकटसमयी तयारीत वेळ जात नाही.

तरीही संप्रेरक वाढायला काही तास लागतात, पेशी वाढायला दिवस, आठवडे. म्हणूनच हिमालयात चढणारे मुक्काम करीत चढतात. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उतरणारा पट्टकादंब तोच हिमालय ओलांडून येतो. पण त्याचे हिमोग्लोबिनच विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट धरते. ती त्याची उपजत पुंजी, आपली नव्हे.

विहिरीत दिवस मिळत नाहीत. हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. कुजक्या गाळावर तो फार घटला तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. काठावरच्या भावाच्या अंगात ॲड्रिनलिन उसळते, छाती धडधडते, आणि तो दोर न बांधताच उतरतो. हे संप्रेरक बळ देते, प्राणवायू देत नाही. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहात. तो विझला तर उतरू नये, हे खरेच. पण जळत राहिला तरी विषारी वायू नसेलच असे नाही, आणि पेटणारा वायू असला तर भडकाच उडायचा. हवा मोजण्याचे यंत्र, वरून खेळविलेली हवा, कमरेला दोर आणि तो धरणारी माणसे काठावर, एवढे जमेपर्यंत गाळ तसाच राहू द्यावा.