कप्तान कोण?

विलायतेंत एखादा फुटबॉलचा संघ ओळीनें चार सामने हरला, कीं त्याच्या चाहत्यांत एकच विषय उरतो : आतां नवा व्यवस्थापक कोण आणावा? आपल्याकडे हीच चर्चा कप्तानाच्या नांवानें चालते. शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी आटोपून शेतें मोकळीं झालीं, कीं त्यांत यष्ट्या रोवल्या जातात, आणि गांवचा संघ हरला, कीं पारावर बसून जाणतीं माणसें कप्तानाची उलटतपासणी घेतात. गोलंदाज उशिरा बदलला, भाच्याला वरच्या क्रमांकावर खेळविलें, अशीं आरोपपत्रें तयार होतात. अशा वादाला वरवर पाहतां खेळापलीकडे कांहीं अर्थ नसतो. तथापि मुंबईंत असाच एक वाद दहा-बारा वर्षें धुमसत राहिला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत त्यांत क्रिकेट थोडें व समाज फार, अशी स्थिति झाली.

तो वाद पालवणकर बंधूंचा. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल असे हे चौघे भाऊ. चौघेही खेळाडू, आणि जन्म चांभार समाजांतला. थोरले बाळू पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. पगार दरमहा चार रुपये. तेथील ग्रेग नांवाच्या निष्णात फलंदाजाला सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्यांचा डावा हात तयार झाला. ग्रेगसाहेब बाद झाले कीं आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. साहेबलोकांनीं त्यांच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेतले, पण बॅट त्यांच्या हातीं दिली नाहीं. फलंदाजी धन्याची आणि गोलंदाजी चाकराची, हा त्या काळचा दंडक होता.

पुढें पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांशीं सामना खेळावयाचा झाला, तेव्हां बाळूंवांचून त्यांचें चालेना. मैदानावर सर्वांनीं हाताळलेला चेंडू तेही हाताळीत. त्यानें कोणाला विटाळ होत नसे. चहाच्या वेळीं मात्र त्यांचा चहा तंबूबाहेर मातीच्या भांड्यांत येई, आणि जेवणाचें पान वेगळें मांडलें जाई. मुंबईचें वळण थोडें निराळें. शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईच्या नळांतून येऊं लागलें होतें. नळांत असेपर्यंत तें सर्वांचें, आणि मडक्यांत पडतांच त्याला जात चिकटे! तरीही येथील हिंदु जिमखान्याच्या सभासदांनीं १९०६ पर्यंत बाळूंना आपल्या पंक्तीला घेतलें होतें. त्याच वर्षीं हिंदूंनीं मुंबईंत युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला. त्या विजयांत बाळूंची गोलंदाजी होती आणि शिवरामही संघांत होते.

१९११ सालीं अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्याचे कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. वय वर्षें एकोणीस. महाराज फारच थोडे सामने खेळले आणि संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. परत आल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि मग साहजिकच प्रश्न निघाला : हिंदु संघाचें नेतृत्व याच पुरुषाकडे कां नसावें?

प्रश्न बिनतोड होता. मंदगति गोलंदाज हा मुळांतच अर्धा कप्तान असतो. फलंदाजाचें पाऊल कोठें अडखळतें, त्याचा फटका कोणत्या दिशेनें जाईल, क्षेत्ररक्षक कोठें उभा करावा, हें त्याला पोटासाठींच शिकावें लागतें. बाळूंनीं तें वीस वर्षें केलें होतें. उलट पक्षाला क्रीडाविषयक उत्तर असें नव्हतेंच. म्हणूनच कीं काय, तो मोठ्यानें बोलत नसे. कप्तान झालेले एम. डी. पै यांनीं तर १९१३ सालच्या आपल्याच सत्काराच्या प्रसंगीं सांगून टाकलें, कीं हा मान वास्तविक बाळूंना मिळावयास हवा होता. सत्कारमूर्तीनेंच असें म्हटल्यावर निवडसमितीनें कांहीं बोध घ्यावयाचा; परंतु समित्यांना कानांपेक्षां भिंती अधिक असतात.

१९२० मध्यें हें प्रकरण विकोपास गेलें. चौरंगी सामन्यांच्या वेळीं पै आजारी पडले, आणि कप्तानपद प्रा. दि. ब. देवधर यांस देण्यांत आलें. बाळूंना तर संघांतूनच वगळण्यांत आलें. देवधर कांहीं ऐरेगैरे नव्हते. पुढें १९२६ त गिलिगनच्या एम. सी. सी. विरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढल्या, आणि रणजी करंडकांत महाराष्ट्राला लागोपाठ दोनदां विजयी केलें. त्यामुळें वाद लायक आणि नालायक यांमधला नव्हता. तो असा होता, कीं बाळूंहून सोळा वर्षांनीं लहान असलेल्या संस्कृताच्या प्राध्यापकाला जें सहज मिळतें, तें बाळूंना आणि त्यांच्या भावांना कशामुळें मिळत नाहीं? विठ्ठल व शिवराम यांनीं जाहीर निवेदन काढून संघांतून अंग काढून घेतलें. वर्तमानपत्रांतून पत्रें झडूं लागलीं. ज्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें अस्पृश्यतानिवारणाचा ठराव केला, त्याच हंगामांतली ही गोष्ट. चाहत्यांच्या तोंडीं क्रिकेट आणि देशकारण एकाच वाक्यांत येऊं लागलें.

अंतीं तडजोड निघाली. अंतिम सामन्यासाठीं पै परतले, बाळू उपकप्तान झाले, आणि दोघे भाऊ पुन्हां खेळावयास उतरले. पै कांहीं वेळ मैदान सोडून गेले, तेव्हां बाळूंनीं संघ हांकला. कोणीही क्षेत्ररक्षक आपली जागा सोडून निघून गेला नाहीं.

नंतरचीं दोन वर्षें हिंदूंना वाईट गेलीं. १९२१ सालीं युरोपियन जिंकले, १९२२ त पारशी. १९२३ सालीं विठ्ठलांना कप्तान नेमण्यांत आलें, तें न्यायबुद्धीनें कीं पराभवाच्या चटक्यानें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. बहुधा दोहोंचाही त्यांत वांटा असावा. हिंदु संघानें त्या वर्षीं चषक जिंकला आणि लोकांनीं विठ्ठलांना खांद्यावर घेतलें. १९२५ व १९२६ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं पुन्हां विजय मिळाला.

विठ्ठलांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ लिहिलें. बाळू १९५५ पर्यंत हयात होते. हिंदु संघाचे नियुक्त कप्तान म्हणून त्यांचें नांव कोणत्याही सालच्या यादींत नाहीं.