गृहोद्योग आणि परवाने : धास्ती नको, माहिती हवी
(भाषणाचा मजकूर)



पडवीत लाटलेले पापड, उन्हाळ्यात कुटलेला मसाला आणि बरणीत मुरलेले लोणचे यांनी महाराष्ट्रातील अनेक संसारांना हातभार लावला आहे. १९५९ साली मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. भांडवलाची उणीव कष्टाने भरून निघते, हे यावरून दिसते. कागदपत्रांची धास्ती मात्र कष्टाने जात नाही. ती माहितीनेच जाते.

या धास्तीची किंमत मोठी आहे. नोंदणी नसलेला माल गल्लीबाहेर जात नाही. दुकानदार नोंदणी क्रमांक विचारतो आणि गृहिणी मागे फिरते. किंवा मध्यस्थाला गाठून अल्प शुल्काच्या कामासाठी कित्येक पट पैसे मोजते.

वस्तुतः कायद्याने लहान उत्पादकाचा वेगळा विचार केलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ३१ नुसार छोट्या अन्न उत्पादकास परवान्यातून सूट आहे. त्याला केवळ नोंदणी करावी लागते. २०११ च्या विनियमांनी त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये व शुल्क वर्षाला १०० रुपये ठरविले. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत नोंदणी देणे, कारणे नमूद करून ती नाकारणे किंवा तपासणीची सूचना देणे, हे अधिकाऱ्याचे कर्तव्य त्यांत सांगितले. तीस दिवसांत कोणताच निर्णय न कळविल्यास अर्जदारास व्यवसाय सुरू करण्याची मुभाही दिली. विलंबाचा भार अर्जदारावर पडू नये, हा त्यामागील हेतू होय.

नोंदणी झाली म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे. स्वच्छ पाणी, झाकलेली भांडी आणि निरोगी हात यांची जागा कोणताही दाखला घेऊ शकत नाही. माल पाकिटातून विकावयाचा असल्यास त्यावर निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि घटकपदार्थ छापणे आवश्यक आहे.

अन्य बाबीही सुलभ झाल्या आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य असून ती स्वयंघोषणेवर होते. २०१९ पासून केवळ वस्तू विकणाऱ्या व्यवसायास वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतून सूट मिळाली. मात्र परराज्यात माल विकणाऱ्यास ही सवलत सर्वसाधारणपणे लागू होत नाही.

येथेच ग्रामपंचायतीचे कार्य सुरू होते. धूर, सांडपाणी व शेजाऱ्यांची गैरसोय यांची चौकशी पंचायतीने अवश्य करावी. परंतु ना-हरकत पत्राचा अर्ज मासिक सभेच्या प्रतीक्षेत विनाकारण पडून राहू नये. शुल्काचे दर फलकावर लावले, तर मध्यस्थाचे प्रयोजनच उरणार नाही. शिक्षकांनी अर्ज भरण्यास साहाय्य केल्यास ते खऱ्या अर्थाने लोकशिक्षण ठरेल.

दाखला ही उद्योगाच्या वाटेवरील भिंत नसून बाजारपेठेचे दार आहे. ते उघडून देणे तुम्हा-आम्हा सर्वांच्या हाती आहे.